प्रेसवर बोटं जातात: दोष गार्ड काढणाऱ्याचा की बसवणाऱ्याचा?

टूलरूम_हिंगणा
नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या लहान प्रेस शॉपमध्ये (साच्यात पत्रा दाबून-कापून भाग काढणारे कारखाने) बोट गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "त्यानंच गार्ड काढलं होतं." गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी. माझं म्हणणं, जे गार्ड काढल्याशिवाय जॉब बाहेर येत नाही ते काढलंच जाणार. एकच जाळी सगळ्या डायना, म्हणजे साच्यांना, कशी चालेल? गार्ड प्रत्येक डायचं वेगळं करा, डायलाच बोल्ट करा, रॅकवर डायसोबतच ठेवा. पत्रा सरकवायची फट 6 मिमीपर्यंत असेल तर पंचापासून (साच्याचा वरून खाली येणारा भाग) 10 मिमी अंतर पुरतं. फट 12 मिमी केली की 100 मिमी लागतं.

शिफ्ट_इन्चार्ज
नाही न भाऊ. पीस रेटचा (नगावर मजुरी घेणारा) माणूस लिमिट स्विचला (गार्ड उघडं असेल तर प्रेस चालू न देणारा स्विच) तार बांधून मोकळा होतो. सुरक्षेच्या साधनात मुद्दाम ढवळाढवळ करू नये, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 111 नं कामगारालाच बजावलं होतं.

टूलरूम_हिंगणा
त्याच कायद्याचं कलम 21 पण वाचा: यंत्र चालू असेपर्यंत गार्ड जागेवर हवं, असं त्यात होतं. ती जबाबदारी कारखान्याची होती. आणि पीस रेट काय कामगारानं ठरवला? तार बांधता येते, कारण स्विच उघडा आणि साध्या लीव्हरचा आहे. कोडेड चुंबकी स्विच (फक्त त्याच्या जोडीच्या चुंबकानंच चालणारा) आत लपवून बसवा.

वाडी_फॅब्रिकेशन
इतक्या डायना वेगळं गार्ड लहान मालकाला झेपत नाही. दोन हातांची बटणं (दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस चालते) नाही तर लाइट कर्टन (हात आडवा आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावा, वाद मिटला.

मेंटेनन्स_बी
इथं मोठी चूक होते आहे. आपल्याकडच्या जुन्या प्रेस पिन किंवा रोलिंग की क्लचच्या, म्हणजे फ्लायव्हील (जड फिरतं चाक) पिननं किंवा कीनं (खिळीनं) जोडलं की रॅम (डायचा वरचा भाग खाली आणणारा भाग) चालतो. पिन किंवा की एकदा बसली की रॅम पूर्ण फेरी घेऊनच थांबतो. पडद्यानं हात पाहिला तरी थांबवणार काय? बटणांचा हिशेब करा. मिनिटाला 60 फेऱ्या, क्लच पकडायची जागा फेरीत एकच, तर बटण दाबल्यापासून डाय बंद होईपर्यंत दीड सेकंद जाऊ शकतो. हात सेकंदाला 1.6 मीटर धरला तर बटणं 2.4 मीटर लांब हवीत. एवढ्या लांबून जॉब कोण लावणार? फ्रिक्शन क्लचवर (घर्षणानं पकडणारा, रॅम मध्येच थांबवता येणारा) पडदा चालतो, पण थांबायला एकूण 0.2 सेकंद लागत असतील तर 14 मिमीवाला (14 मिमी जाडीची वस्तू ओळखणारा) पडदासुद्धा, हाताचा वेग इथं सेकंदाला 2 मीटर धरतात म्हणून, डायपासून 400 मिमी दूर लागतो.

शिवाय कीची कड झिजली, स्प्रिंग तुटली किंवा ब्रेकचा पट्टा तेलकट झाला की पेडल न दाबता दुसरा स्ट्रोक येतो. तिथं कामगाराचं काहीच चुकलेलं नसतं, आणि बोट मात्र त्याचंच जातं. म्हणून पिन क्लचला सगळीकडून बंदिस्त गार्डच.

शिफ्ट_इन्चार्ज
क्लचचं मान्य. तरी डाय सेटिंगला (डाय बसवताना-जुळवताना) गार्ड काढावंच लागतं, तेव्हा कामगाराची शिस्त लागतेच. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरतं, आणि तेवढ्यात पेडलवर पाय पडला तर संपलं.

मेंटेनन्स_बी
मग शिस्तीला साधनं द्या. मेन स्विचला कुलूप, चावी सेटरच्या खिशात. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यायचं, मगच रॅम खाली येऊ नये म्हणून डायमध्ये ठोकळा. पेडलवर वरून आणि दोन्ही बाजूंनी पत्र्याचं कव्हर. वाडीवाले दादा, हे कव्हर तुमच्याच वर्कशॉपच्या भंगार पत्र्यातून निघेल.