आजोबांचा जुना रेझर आईने बिंबलांनी (आंबट फळांनी) घासला, आता प्लेटिंग न घालवता साफ कसा करू?

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आजोबांचा एक रेझर आहे, तीन भागांचा, वर टोपी, मध्ये दातेरी पट्टी, खाली दांडा, दांडा फिरवला की सगळं सुटं होतं. पट्टीवर मेड इन इंग्लंड कोरलंय. बाबा म्हणतात गोव्यात पोर्तुगीज असतानाच मडगावात घेतला, म्हणजे १९६१ च्या आधीचा. दोन वर्षांमागे कपाटात सापडला तेव्हापासून मी त्यानेच दाढी करतो, ब्लेड स्वस्त पडतं आणि गळ्यावर पुरळही येत नाही.

तर झालं काय, चवथीच्या आधी आईने समया, निरांजनं, तांबे सगळं घासायला काढलं, परसातली बिंबलं ठेचून, वर मीठ आणि चुलीतली राख. माझा रेझर बेसिनवर पडलेला, तोही त्यात गेला. मी ओरडलो तर म्हणे "काळो जाल्लो रे तो!" समया झक्क झाल्या, वाद नाही. पण रेझरच्या टोपीच्या एका कोपऱ्याला करंगळीच्या नखाएवढी चंदेरी जाऊन खालचं पिवळं पितळ दिसतंय. आता तिला काय बोलणार.

आणि गंमत म्हणजे जे निघायला हवं होतं ते तसंच आहे, दातांच्या फटीत साबणाचा पांढरा थर आणि स्क्रूच्या आट्यांत हिरवट काहीतरी, पावसात जास्तच वाढतं. व्हिडिओत एक जण रात्रभर विनेगरमध्ये ठेवा सांगतो, एक टूथपेस्ट, एक बेकिंग सोडा, एक तर उकळायलाच सांगतो. घरात माडाचा विनेगर आहे पण आता आंबट म्हटलं की धडकी भरते. पाणी ओपाच्या सरकारी जलप्रकल्पाचं, नळाचं. काय करू? आणि गेलेली चंदेरी परत चढते का?

*

विनेगर नको रे बाबा. तुझा पितळेवर निकेल चढवलेला दिसतोय, म्हणून खाली पिवळं निघालं. बिंबलाच्या आंबटापेक्षा राखेनेच जास्त घात केला असणार, तो थर केसापेक्षा पातळ असतो, घासला की गेला. टूथपेस्ट आणि सोडा म्हणजे तीच राख, फक्त पांढरी. नवे क्रोमवाले घेतात त्यांनी तर आणखी जपायचं, बऱ्याच जणांत आत जस्ताचा मिश्रधातू असतो, क्रोमला बारीक भोक पडलं की आंबट आत शिरतं आणि वरचा पापुद्रा फुगतो.

ओपाचं पाणी नदीचं, बोअरसारखं जड नाही, म्हणजे तुझा पांढरा थर क्षारापेक्षा साबणाचाच जास्त. ब्लेड काढ, तिन्ही भाग सुटे कर, हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब, १५ मिनिटं ठेव. मग जुना मऊ टूथब्रश. फटीत दात साफ करायचा दोरा ओढ, सुई घालू नकोस. हिरवं म्हणजे पितळेचा गंज, त्यावर तेलाचा थेंब टाकून तासाभराने लाकडी टूथपिकने खरवड, घाई नको.

*

परत निकेल चढवून मिळतं, पण आधी बफिंग करतात आणि त्यात ते मेड इन इंग्लंड बोथट होतं. मी असतो तर पिवळं राहू दिलं असतं. आणि दाढी झाली की रोज आवळून ठेवू नका, ढिला करून झटका, सुक्या फडक्याने पुसा, आट्यांना बोटाने जरासं व्हॅसलिन. आपल्याकडे जूनपासून टॉवेलसुद्धा वाळत नाही, तिथे आट्या कुठून वाळणार.

*

धन्यवाद दोघांनाही. आज सकाळी केलं. पाणी ताकासारखं झालं आणि दोरा ओढला तर फटीतून चक्क पांढरी वात बाहेर आली, वर्षानुवर्षांचा साबण असावा. चंदेरीला आणखी काही झालेलं नाही, उन्हात तिरका धरून बघितलं. फक्त टोपीच्या स्क्रूच्या मुळाशी एक हिरवा ठिपका हलत नाहीये, त्यावर तेल टाकून ठेवलंय. आणि हो, रेझर आता बेसिनवर नाही, माझ्या खणात असतो.