यूकेत नवीन आहोत : लेबर, टोरी, लिब डेम, रिफॉर्म... कोण काय, कुणी सांगेल का?

रीडिंगची_नवी

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नाशिकचे, गेल्या हिवाळ्यात रीडिंगला आलो. नवऱ्याचा स्किल्ड वर्कर व्हिसा, मी डिपेंडंट. परवा कौन्सिलचं (म्हणजे इथल्या नगरपालिकेचं) पत्र आलं. घरात कोण कोण राहतं, नागरिकत्व कुठलं, मतदार यादीत कुणाचं नाव घालायचं, असं सगळं विचारलंय. नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण म्हणतो की भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं. खरं आहे का हे?

आणि खरं असेल तर पुढची पंचाईत. तिकडे आमच्या वॉर्डातला नगरसेवक कुठल्या पक्षातून कुठे गेला आणि परत कसा आला, हे मी झोपेत सांगेन. इथलं मात्र काही म्हणता काही कळत नाही. शेजारच्या पंजाबी आंटी सांगतात, आपले लोक लेबरचे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचावं तर आता सगळे भारतीय टोरींकडे गेलेत. (टोरी म्हणजेच कन्झर्व्हेटिव्ह ना?) वोकिंगहॅमकडे गेलं की लोकांच्या बागांत नारिंगी चौकोनी पाट्या, आणि टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ रिफॉर्म. पुस्तकी माहिती शोधली की मिळते हो, इथे राहिलेल्यांकडून ऐकायचंय.

ग्लासगोकर

अगदी खरं आहे. भारत राष्ट्रकुलात आहे आणि तुमच्याकडे इथे राहायचा वैध परवाना आहे, एवढं पुरतं. कौन्सिललाही मत देता येतं आणि खासदारकीलाही. माझ्या जर्मन सहकाऱ्याला इथे येऊन किती वर्षं झाली, पण खासदार निवडायचा हक्क त्याला नाही, मला आहे. दर निवडणुकीला तो यावरून कुरकुरतो.

पक्षांचं मतपेटीवाल्या काकू सांगतील. येतीलच त्या.

मतपेटीवाली_काकू

आले गं बाई. मी लेस्टरला निवडणुकीच्या दिवशी पोल क्लार्क असते, म्हणजे यादीत नाव शोधून मतपत्रिका हातात देणारी. हे काम करणाऱ्याने कुणा उमेदवाराच्या प्रचारात पडायचं नसतं. त्यामुळे मी कुणाला मत देते ते आमच्या घरातही कुणाला ठाऊक नाही. यजमान विचारून विचारून थकले.

पहिलं काम, ते पत्र भरून पाठव. उत्तर देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. नंतर तुम्ही दोघं आपापली नावं ऑनलाइन नोंदवा, त्यात नॅशनल इन्शुरन्स नंबर विचारतात. यादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअरलाही मदत होते. पुढे घरासाठी कर्ज काढाल तेव्हा काकूची आठवण काढा.

आता ते 'आपले लोक अमक्याचे'. जुन्या काळी तीन पारशी इथल्या पार्लमेंटात निवडून गेले, तिघांचंही मुंबईशी नातं. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी फिन्सबरीतून, लिबरल. १८९५ मध्ये मंचेरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून, कन्झर्व्हेटिव्ह. १९२२ मध्ये शापुरजी सकलातवाला बॅटरसीतून, पक्का कम्युनिस्ट पण लेबरच्या पाठिंब्यावर. एवढासा समाज आणि तिघांची तोंडं तीन दिशांना! 'आपले लोक' कधीच एका पक्षाचे नव्हते.

आमच्या लेस्टरात पूर्व आफ्रिकेतून आलेली गुजराती कुटुंबं पावलोपावली भेटतात. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना राजकारणाचं विचारलं की दोन साल हमखास निघतात. १९६८ मध्ये केनियातले आशियाई ब्रिटिश पासपोर्ट घेऊन येऊ लागले, तेव्हा घाईघाईने कायदा करून दार लावलं ते लेबर सरकारने. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या सुमारे २८ हजार माणसांना घेतलं ते हीथच्या कन्झर्व्हेटिव्ह सरकारने. (त्या वेळी 'लेस्टरला येऊ नका' अशी जाहिरात युगांडातल्या वर्तमानपत्रात दिली होती आमच्याच कौन्सिलने! त्याच शहरात आज बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी बघायला लांबलांबून लोक येतात.) उलट बाजूने बघायचं तर वंशभेदाविरुद्धचे १९६५, १९६८ आणि १९७६ चे कायदे लेबरचेच. म्हणजे १९६८ या एकाच वर्षात लेबरने दारही लावलं आणि आत असलेल्यांना संरक्षणही दिलं. आता सांग, अशा घरातला मुलगा कुणाचा व्हायचा?

लेबर म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतला मजूर पक्ष. कामगार संघटनांनी १९०० मध्ये उभा केला, आजही त्यांचा पैसा आणि शब्द पक्षात चालतो. १९४८ मध्ये एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली ती अ‍ॅटलींच्या लेबर सरकारात, आणि ही पुण्याई ते प्रत्येक निवडणुकीत खर्चाला काढतात. ब्लेअरने पक्ष मध्याकडे सरकवला, तेव्हापासून त्यांचं अर्धं भांडण आपसातच असतं. हुजूर पक्ष म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह, आणि हो, तेच टोरी. कमी कर, उद्योगधंद्याला मोकळीक, शिस्त, ही त्यांची भाषा. १९८० पासून थॅचरबाईंनी कौन्सिलच्या घरांतल्या भाडेकरूंना ती घरं सवलतीत विकत घेऊ दिली. त्यातून कित्येक कामगार कुटुंबं टोरी झाली आणि त्याच धोरणामुळे आज कौन्सिलची घरं मिळेनाशी झाली, असं दोन्ही बाजूंचं ऐकशील. दोन्हीत तथ्य आहे. सुनक याच पक्षाचे.

त्या नारिंगी पाट्या लिबरल डेमोक्रॅट्सच्या. जुने लिबरल आणि लेबरमधून फुटलेले सोशल डेमोक्रॅट १९८८ मध्ये एकत्र आले, तो हा पक्ष. २०१० मध्ये टोरींबरोबर सत्तेत गेले. विद्यापीठाची फी वाढू देणार नाही असं लिहून दिलेलं, आणि सत्तेत असताना ती ९,००० पाउंडांवर गेली. २०१५ मध्ये ५७ खासदारांचे ८ उरले. मतदार इतका राग सहसा धरत नाही. आता सावरलेत, तुमच्या शेजारचं वोकिंगहॅम त्यांनी २०२४ मध्ये टोरींकडून घेतलं. रस्त्यातल्या खड्ड्यांचे फोटो असलेली पत्रकं दारात पडू लागली की समजायचं, हेच.

रिफॉर्म हा नाइजल फराज यांचा पक्ष. आधी ब्रेक्झिट पार्टी होती, २०२१ मध्ये नाव बदललं. २०२४ मध्ये त्यांना १४ टक्क्यांवर मतं आणि जागा फक्त ५, तर १२ टक्क्यांवाल्या लिब डेमना ७२! लेबरला सुमारे ३४ टक्क्यांत ४११. आपल्या लोकसभेसारखंच आहे ते, मतदारसंघात ज्याला सगळ्यांत जास्त तो आला, बाकीच्यांची मतं वाया. विखुरलेली मतं वाया जातात, एका जागी गोळा झालेली फळतात. आणि मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्मची मतं गोळा झाली, तेव्हा दहा कौन्सिलं हातात आली. ग्रीन पक्षाच्या २०२४ मध्ये ४ जागा आल्या. शहरांतली तरुण मुलं बरीच तिकडे वळतात.

तुमच्यासाठी खरी कळीची गोष्ट व्हिसा. तिथे तरी मोठ्या दोघांत फरक शोधायला भिंग लागेल. एप्रिल २०२४ मध्ये स्किल्ड वर्करची पगाराची अट २६,२०० वरून ३८,७०० पाउंड केली टोरींनी, जुलै २०२५ मध्ये ४१,७०० केली लेबरने. पाच वर्षांनी मिळणारा कायम वास्तव्याचा हक्क सर्वसाधारणपणे दहा वर्षांवर न्यायचा प्रस्ताव लेबरच्याच मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेतला. रिफॉर्मने तर सप्टेंबर २०२५ मध्ये तो हक्कच रद्द करायचं जाहीर केलं. लिब डेम आणि ग्रीन मवाळ बोलतात, पण गृहखातं हातात नसताना मवाळ बोलणं सोपं असतं.

स्लाववाला

काकू, मान तुमचा, पण तुम्ही सगळ्यांना एकाच मापाने मोजता. दोघांनी अटी वाढवल्या म्हणून दोघे सारखे होत नाहीत. भाडेकरू, नोकरीतले हक्क, शाळांचा पैसा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि 'उमेदवार बघा' असं आता कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो, खासदार शेवटी व्हिप सांगेल तसंच मत देतो. पक्षच बघायचा.

मतपेटीवाली_काकू

सारखे म्हटलंच नाही रे, व्हिसापुरतं म्हटलं. व्हिपचं बरोबर आहे, मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागते. जुलै २०२४ मध्ये सरकार येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा दोनपेक्षा जास्त मुलांच्या भत्त्यावरून सात लेबर खासदारांनी विरोधात मत दिलं आणि सातही जणांना पक्षाच्या गटातून निलंबित केलं.

पण उमेदवार मी बघतेच. आमच्या लेस्टर ईस्टचं घे. १९८७ ते २०१९ कीथ वाझ, लेबरचा गड. २०२४ मध्ये लेबरच्या अधिकृत उमेदवारासमोर लेबरचेच दोन माजी खासदार उभे, खुद्द वाझ धरून. मतं फुटली आणि शिवानी राजा कन्झर्व्हेटिव्ह म्हणून आल्या. त्या निवडणुकीत टोरींनी दुसऱ्या पक्षाकडून जिंकलेली देशभरातली ही एकमेव जागा! नुसता पक्ष बघून हे कुणाला सांगता आलं असतं?

रीडिंगची_नवी

काकू, खूप आभार. पत्र आजच भरते. आणखी दोन शंका. दारावर प्रचाराला आले तर कुणाला मत देणार ते सांगावं लागतं का? आणि केंद्रावर ओळखपत्र म्हणून काय न्यायचं? आधार इथे चालणार नाही हे समजतं मला 😄

मतपेटीवाली_काकू

सांगायचं नसेल तर 'अजून ठरलं नाही' म्हण, ते वहीत तसं लिहून पुढच्या दारी जातात. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर छातीवर रंगीत रोझेट (फितीचं फूल) लावलेली माणसं तुझा यादीतला नंबर विचारतील. ती पक्षांची माणसं, आपल्या कुणाचं मतदान राहिलंय ते ताडून बघतात. त्यांनाही काही सांगायचं बंधन नाही. निवडणुकीच्या कामावरची माणसं म्हणजे आत बसलेलो आम्ही.

भारतीय पासपोर्ट चालतो, राष्ट्रकुलातला म्हणून. मुदत संपलेला असला तरी फोटोवरून ओळखू आलीस म्हणजे झालं. निवडणूक बहुतेक गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०. बोटाला शाई नाही आणि यंत्रही नाही. दोरीला बांधलेली पेन्सिल असते, तिने नावापुढे फुली मारायची. बरोबरची खूण नको गं, फुलीच. आमच्या टेबलावर आरसाही ठेवलेला असतो. चेहरा झाकणाऱ्या बायकांना आडोशाला ओळख पटवून परत नीट करता यावं म्हणून. पण पुरुषच त्यात केस सारखे करून जातात.

ग्लासगोकर

काकू इंग्लंडबाहेर निघाल्याच नाहीत! इकडे वेगळा संसार आहे. स्वतंत्र स्कॉटलंड मागणाऱ्या एसएनपीने २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा घेतल्या, २०२४ मध्ये ९ वर आली. वेल्समध्ये त्यांचा स्वतःचा पक्ष, प्लाइड कम्री. उत्तर आयर्लंडात लेबर उभीच राहत नाही, आणि तिथल्या शिन फेन या आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे सात खासदार निवडून येऊनही पार्लमेंटात बसत नाहीत, कारण राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची नाही. स्कॉटिश पार्लमेंटला सोळाव्या वर्षापासून मत देता येतं, आणि तिथे माझा जर्मनही मत देतो.

रीडिंगची_नवी

शेवटचं. इथे नाव घातलं तर नाशिकचं मत जाईल का? सासरे विचारतायत.

ग्लासगोकर

भारतीय पासपोर्ट आहे आणि दुसरं नागरिकत्व घेतलेलं नाही, तोवर परदेशस्थ मतदार म्हणून तिकडे नोंद करता येते, फॉर्म ६ए भरून. पासपोर्टवर जो पत्ता, तो मतदारसंघ. मात्र मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. सासऱ्यांना म्हणावं, विमानाचं तिकीट काढून ठेवा.