जपानी झारूच्या (निथळायच्या विणलेल्या टोपलीच्या) काठाला काळे ठिपके

जपानमधल्या बेप्पू शहरचा, मादाके जातीच्या बांबूचा झारू रोज भाज्या निथळायला वापरते. फक्त काठाखालीच बुरशी धरते. साबणाने धुऊ का?

बुरूड_कट्टा: साबण नको, बांबू तो शोषतो. काठाला पट्ट्या दुहेरी असतात, पाणी तिथेच अडतं. काथ्याच्या ब्रशने विणीच्या दिशेने घासा, जोरात झटका आणि वाऱ्याला टांगून ठेवा. ओट्यावर पालथा घालणं म्हणजे बुरशीला आमंत्रणच!

टोपलीवाली: सावलीतच हं. कडक उन्हात पट्ट्या तडकतात. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका.

वेळूबन: खाली पिवळट भुकटी पडते का? मग भुंगेरा लागलाय. उकळतं पाणी ओता, लगेच वाळवा. हिवाळ्यात तोडलेल्या बांबूत स्टार्च कमी, म्हणून कीडही कमी. घेताना तेवढं विचारा.