डेथ परेड तुम्हाला कशामुळे भिडली? अनुभव लिहा

२०१५ ची जपानी ॲनिमे मालिका, मॅडहाउस स्टुडिओची, फक्त १२ एपिसोड. एकाच वेळी मेलेली दोन माणसं लिफ्टमधून एका बारमध्ये येतात, आपण मेलोय हे त्यांना आठवत नाही, आणि बारटेंडर डेसिम सांगतो की जीव पणाला लावून खेळा. खेळावरून ठरतं, पुनर्जन्म की पोकळी. असली काळीकुट्ट गोष्ट आपण परत परत का बघतो? स्पॉयलर येणारच, न बघितलेल्यांनी आधी बघून या.

*

होस्टेलवर रात्री दोनला लावली, एकच बघून झोपणार होतो. हनीमूनचं जोडपं, डार्ट्सचा बोर्ड आणि बोर्डवर समोरच्याचे अवयव, म्हणजे याचा बाण लागला की ती कळवळते. शेवटी ती ओरडून सांगते की पैशासाठीच लग्न केलं, मी तिला मनात चार शिव्या घातल्या. दुसऱ्या एपिसोडला तोच खेळ पडद्यामागून दाखवतात आणि बारमध्ये डेसिमच्या मदतीला असलेली काळ्या केसांची मुलगी त्याला म्हणते, अरे ती नवऱ्यासाठी खोटं बोलली असेल. झालं, डेसिमबरोबर मीही फसलेलो. तिला तर पोकळीत पाठवूनही झालं होतं! मग कसली झोप.

*

बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. पाऊण तास सगळे उन्हात उभे, शेवटी काका हात जोडून म्हणाला, पोरीच्या शिक्षणाचं मी बघतो, तेव्हा कुठे शिवला. मी तेव्हा चिडले होते, हा काय तमाशा म्हणून. वर्षभराने शेवटचा एपिसोड बघितला, चियुकी, म्हणजे डेसिमच्या मदतीला असलेली ती काळ्या केसांची मुलगी, घरी जाते, आई समोर आहे, ही माफी मागतेय आणि आईला ऐकूच जात नाही. आणि मग डेसिम तिच्यापुढे बटण ठेवतो, दाबलं तर ती जिवंत, पण बदल्यात दुसरं कुणीतरी जाणार. ती नाही दाबत. मी बाबांसाठी दाबलं असतं, खोटं कशाला बोलू. त्या रात्री आईच्या खोलीत जाऊन झोपले, कारण विचारलं तर एसीचं नाव सांगितलं.

*

ओपनिंगला सगळे मस्त नाचतायत, 'फ्लायर्स' गाणं ऐकून कॉमेडी असेल म्हणून भाचीला मांडीवर घेऊन बसले. दहा मिनिटांत टीव्ही बंद. ताई अजून टोमणे मारते 😅

*

मला मधले एपिसोड ठीकठाक वाटले, बोलिंगवाला तर गोडमिट्ट. पण आजी शेजारी बसून एक बघून गेली आणि म्हणाली, आपला चित्रगुप्त बरा की, वहीत बघून सांगतो, मेलेल्याला खेळायला तर लावत नाही.

*

आधी २०१३ ची 'डेथ बिलियर्ड्स' बघा, छोटी फिल्म आहे, मालिका त्यातूनच निघाली. म्हातारा आणि तरुण पोरगा पूल खेळतात आणि शेवटी कोण कुठे गेलं ते दाखवतच नाहीत, म्हातारा नुसता हसतो. मी म्हणतो पुनर्जन्म, रूममेट म्हणतो पोकळी, यावरून एकदा मेसची वेळ टळली आणि वडापाववर रात्र काढली.