मदत हवी आहे: हातकागदावर सायनोटाइपचं द्रावण एकसारखं बसत नाही

नमस्कार मंडळी. सायनोटाइपचं, म्हणजे उन्हात निळी चित्रं उमटवायच्या छपाईचं, द्रावण नेहमीचंच आहे: १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, आणि लावताना दोन्ही समभाग. गुळगुळीत ड्रॉइंग पेपरवर निळा रंग छान उतरतो. हातकागदावर मात्र ब्रश टेकताच द्रावण आत शोषलं जातं. कडेला गडद रेघ, मधे फिके डाग, आणि धुताना बराचसा रंग पाण्याबरोबर निघून जातो. ब्रशला पत्र्याची पट्टी नाही, त्यामुळे पट्टीतल्या लोखंडाने डाग पडल्याची शंका नको.

माझा अंदाज असा, की कागदाला खळ कमी आहे किंवा त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे. अशा अल्कलीने प्रशियन ब्लू, म्हणजे छापातला हा निळा रंग, फिका पडतोच. मग आधी जिलेटिनचा हात द्यावा की आरारूटची खळ? सायट्रिक अ‍ॅसिडच्या सौम्य पाण्यात कागद भिजवून घेतल्याने फरक पडतो का, आणि प्रमाण किती ठेवावं? सध्याच्या पावसाळी हवेत अंधारात पंख्याखाली तो नीट वाळेल ना?

कागद बदलायचा नाहीये. याच्या ओबडधोबड कडा आणि पोत निळ्यात फार सुंदर दिसतात. कोणी करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.