‘मेटल कॉम्प्लेक्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : जंतूंवरच्या नव्या औषधांबद्दल मराठीत लेख लिहिते आहे. ‘मेटल कॉम्प्लेक्स’साठी एका अनुवादात ‘धातूंची गुंतागुंत’ असं वाचलं आणि अडखळले. ‘धातुसंयुग’ पुरेल का? ‘अँटिमायक्रोबियल’ला ‘प्रतिजैविक’ चालेल?

– ‘धातुसंयुग’ अपुरं पडतं. साधं मीठ हेही सोडियमचं संयुगच. पण पाण्यात विरघळलं की सोडियम एकीकडे, क्लोराइड दुसरीकडे. कॉम्प्लेक्समध्ये मधोमध धातूचा अणू किंवा आयन असतो आणि भोवतीचे रेणू आपली इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन त्याला धरून ठेवतात. मधोमध धातू आणि त्याला धरून भोवतीचे रेणू, ही कल्पना रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडली. १९१३ चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. म्हणून ‘कॉम्प्लेक्स’साठी ‘संकुल’ घ्या. ‘संकुल’ म्हटलं की इमारती आठवतात हे खरं, तरी मध्य आणि भोवताल मिळून एक वस्तू, हा अर्थ त्यात छान येतो. समासात ‘धातु’ ऱ्हस्व : धातुसंकुल.

– औषधाच्या दृष्टीने भोवतालच्या रेणूंना, म्हणजे लिगंडना, फार महत्त्व आहे. सुट्या आयनावर विद्युतभार असतो, पेशीचं आवरण स्निग्ध असतं, त्यामुळे आत शिरणं अवघड. लिगंडने धरल्यावर भार वाटला जातो आणि वाट सोपी होऊ शकते. एकाच लिगंडने दोन किंवा अधिक ठिकाणी पकडलं तर त्याला ‘चिलेट’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्द खेकड्याच्या नांगीचा! आपल्याकडे ‘नांगी’ हा इतका नेमका शब्द असताना ‘नांगीबंध’ का रुळू नये, असं मला मनापासून वाटतं.

– ‘प्रतिजैविक’ मात्र नको, तो ‘अँटिबायोटिक’चा प्रतिशब्द. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेलमन वॅक्समन यांच्या व्याख्येत अँटिबायोटिक म्हणजे सूक्ष्मजीवांनीच तयार केलेला पदार्थ. पुढे अर्थ सैल झाला, तरी रोख मुख्यतः जिवाणूंवरच राहिला. कोंड्याच्या शाम्पूतलं झिंक पायरिथिऑन हे जस्ताचं संकुल. ते बुरशीवर चालतं, त्याला प्रतिजैविक कसं म्हणणार? ‘सूक्ष्मजीवरोधी’ घ्या. ‘नाशक’ही सरसकट नको. प्रयोगशाळेत बहुधा आधी ‘किमान रोधक संहती’, म्हणजे वाढ थांबवायला द्रावणात औषधाचं कमीत कमी किती प्रमाण लागतं, ते मोजतात. तिच्यातून वाढ थांबली एवढंच कळतं. जंतू मेले की नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

– आणखी एक. मूळ इंग्रजी मथळ्यात ‘पोटेन्शियल’ असेल तर ‘संभाव्य’ गाळू नका. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत धातू असलेली ९०६ संयुगं तपासली. त्यांतली ८८ किमान एका जंतूवर परिणामकारक ठरली आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींना त्यांनी अपाय केला नाही. आशा वाटावी असाच आकडा आहे. पण ताटलीतल्या पेशी वेगळ्या आणि आजारी माणूस वेगळा.

– प्रश्नकर्ती : आभार. मथळा आता असा : ‘संभाव्य सूक्ष्मजीवरोधी धातुसंकुलं’. ‘नांगीबंध’ लेखात वापरते, पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘चिलेट’ लिहून.