रक्त ‘गोठतं’ की ‘साकळतं’?

नौपाडेकर : आईचा रिपोर्ट आणला. टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, ए/जी रेशो. लेकीच्या पुस्तकात मात्र रक्तातलं तिसरं प्रथिन, फायब्रिनोजेनही आहे. ती विचारते, आजीचं तिसरं कुठे गेलं? शिवाय पुस्तकात ‘रक्त गोठतं’, आई म्हणते ‘साकळतं’. बरोबर काय?

वाशीकर : लॅबमध्ये काम करतो, म्हणून लिहितो. दोन्ही प्रश्न एकाच नळीतले आहेत. लाल झाकणाच्या नळीत रक्त अर्धा तास उभं ठेवतो. फायब्रिनोजेनचं फायब्रिन होतं, त्या तंतूंच्या जाळ्यात पेशी अडकतात आणि गडद, थलथलीत गोळा तयार होतो. नळी यंत्रात वेगाने गरगर फिरवली की वर पिवळसर, निवळ सीरम येतं. मराठीत रक्तरस. तिसरं प्रथिन त्या गोळ्यात अडकलं! रक्त साकळू न देता फिरवलं तर मिळतो तो प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव. त्यात ते असतं, डेसिलिटरला साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम. म्हणून सीरमला रक्तद्रव म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती.

आणि रिपोर्टमधलं ग्लोब्युलिन सहसा मोजलेलं नसतं. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा करून आलेला तो आकडा असतो.

आता क्रियापद. तूप थंडीने गोठतं, ऊब मिळाली की पुन्हा पातळ होतं. साकळलेलं रक्त तसं पातळ होत नाही. रक्तपेढीत प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली ठेवतात, कारण साकळायला लागणारे घटक टिकावेत म्हणून तो गोठवावा लागतो. हेच वाक्य दोन्हीकडे ‘गोठणे’ वापरून लिहून बघा, अर्थच लागणार नाही. आईंचा शब्द पक्का.

कळवेकर : ग्लोब्युलिनचे अल्फा, बीटा, गॅमा हे कामावरून पडलेले प्रकार का?

वाशीकर : नाही. विद्युतक्षेत्रात कोण किती पळतं, त्यावरून. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ टिसेलियस यांनी १९३७ मध्ये ही विभागणी दाखवली, १९४८ ला नोबेल मिळालं. अल्ब्युमिन सगळ्यांच्या पुढे, गॅमा सगळ्यांत मागे. प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, बहुतेक त्या मागच्या पट्ट्यात सापडतात, म्हणून ‘गॅमा म्हणजे संरक्षण’ असा समज झाला.

नौपाडेकर : आईला वाचून दाखवलं. म्हणाली, मुका मार लागून काळंनिळं झालं की ‘रक्त साकळलंय’च म्हणतात, ‘गोठलंय’ कोण म्हणतं? लेकीने वहीत ‘गोठणे’ खोडून ‘साकळणे’ लिहिलंय.